मोटारगाडीचा विमा किती रकमेचा असावा?

मोटारगाडी विकत घेतल्या दिवसापासून तिची किंमत घटू लागते. परंतु तिच्यामुळे दुसऱ्यास पोहोचू शकणारी इजा गाडीच्या वयाबरोबर घटत नाही. दहा वर्षांच्या गाडीची धडकही नव्या गाडीच्या धडकेइतकीच प्राणघातक ठरू शकते. म्हणून विम्याची रक्कम ठरविताना या दोन गोष्टींचा विचार स्वतंत्रपणे करणे हे पहिले सूत्र होय.

दुसऱ्यास होणाऱ्या हानीचा, म्हणजेच त्रयस्थ पक्षाचा विमा भारतात ऐच्छिक नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ अन्वये तो बंधनकारक आहे. मृत्यू वा शारीरिक इजा यांबद्दलच्या भरपाईस या विम्यात रकमेची मर्यादा नसते. मालमत्तेच्या नुकसानीस मात्र खाजगी मोटारीच्या बाबतीत ७,५०,००० रुपयांची मर्यादा असते. थोडासा हप्ता वाचविण्यासाठी ती ६,००० रुपयांवर आणण्याची सोय आहे. पण गाडी एखाद्या दुकानात घुसली, तर त्यापुढील सर्व भरपाई मालकास स्वतः द्यावी लागेल, हे विसरून चालणार नाही.

आता खुद्द गाडीचा विचार करू. तिची विमा रक्कम ठरविताना कारखानदाराने जाहीर केलेल्या विक्री किमतीतून घसारा वजा करतात. प्रचलित कोष्टकाप्रमाणे हा घसारा सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के असतो. त्यापुढे मालक व विमा कंपनी परस्परसंमतीने मूल्य ठरवितात.

समजा, ८,००,००० रुपये किमतीची गाडी अडीच वर्षांची झाली आहे. ३० टक्के घसारा वजा जाता तिचे मूल्य ५,६०,००० रुपये होते. मालकाने हप्ता कमी करण्यासाठी ४,५०,००० रुपयांचाच विमा उतरविला आणि गाडी चोरीस गेली, तर त्याला १,१०,००० रुपयांची तूट सोसावी लागेल. उलट, मूल्य फुगवून लावल्यास हप्ता वाढतो. पण किरकोळ अपघातानंतर दुरुस्तीपोटी मिळणारी रक्कम त्यामुळे वाढत नाही.

दुरुस्तीच्या भरपाईतही घसारा धरला जातो. रबर व प्लॅस्टिकच्या सुट्या भागांवर तो ५० टक्के असतो. काचेवर मुळीच नसतो. अधिक हप्ता देऊन ही कपात टाळता येते. नव्या गाडीस अशी जोड बहुधा उपयुक्त ठरते.

पूरग्रस्त शहरांत आणखी एक धोका संभवतो. पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही. त्यामुळे इंजिनात पाणी शिरले असता ते सुरू केल्यास दट्ट्याचा जोडदांडा वाकतो. अशी हानी साध्या विमापत्रात सहसा येत नाही. तिच्यासाठी इंजिनाचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

तात्पर्य, जी हानी कुटुंबास स्वतःच्या मिळकतीतून सहज सोसता येईल, तिच्यासाठी जादा हप्ता भरण्याचे कारण नाही. जिच्यामुळे संसार कोलमडेल, तिचा विमा पूर्ण रकमेचा असावा. गाडीचे मूल्य दरवर्षी बदलते. तेव्हा विमापत्राचे नूतनीकरण करताना हा हिशेब प्रत्येक वेळी नव्याने मांडणे इष्ट होय.