चांदीचा दागिना : उजाळा आणि विश्वास
कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी प्रसिद्ध आहे. लासूर स्टेशनसारख्या बाजारपेठेच्या गावातील सोनारालाही हा लघुउद्योग करता येईल. मात्र ग्राहकाचा विश्वास हेच त्याचे खरे भांडवल होय.

शुद्ध चांदी मऊ असते. म्हणून १००० भागांत ९२५ भाग चांदी ठेवून उरलेले बहुधा तांबे मिसळतात. डाग देताना तांब्यामुळे दागिना काळवंडतो. तो थर सौम्य गंधकाम्लाने निघतो. नंतर कानस, पॉलिश कागद आणि रिठ्याच्या पाण्यात भिजविलेला पितळी ब्रश यांनी उजाळा येतो. परंतु शुद्धतेची ग्वाही उजाळा नव्हे, हॉलमार्कच देतो.

२०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सोनारांना प्रथम १ लाख रुपयांपर्यंत ५ टक्के व्याजाने कर्जाची तरतूद आहे. ग्रामीण अर्जांची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीकडे असते. ती रखडली तर कारागिराचे कर्जही रखडते.