शोभेच्या दारूचा परवाना : समज आणि वस्तुस्थिती

कार्तिक उजाडला आणि मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात जत्रांचा हंगाम सुरू झाला, की देवस्थानाच्या बैठकीत दशावतारी मंडळींची बिदागी, मंडपाचे भाडे आणि विजेची सोय यांच्या पाठोपाठ शोभेच्या दारूचा विषय हटकून निघतो. आणि तो निघाला, की एका जत्रेकडून दुसऱ्या जत्रेकडे तोंडी चालत आलेले कायद्याविषयीचे समज जाणती माणसेसुद्धा अशा ठामपणे सांगू लागतात, की ऐकणाऱ्याला शंका विचारण्याचा संकोच वाटावा.

यांतला पहिला समज असा, की दारूकामाची आवड असलेल्या आणि हात बसलेल्या इसमाला सरकारातून एक ‘हौशी परवाना’ मिळतो, आणि तो एकदा पदरी पडला की मोठे गोळे व बाण आणून वाटेल तेथे उडवण्यास तो मोकळा होतो. १८८४ चा स्फोटके अधिनियम आणि त्याखालील २००८ चे नियम, ज्यांचा कारभार नागपूरला मुख्यालय असलेली ‘पेसो’ ही केंद्रीय संघटना पाहते, ते उत्पादन, साठवण, विक्री, वाहतूक आणि जाहीर आतषबाजी अशा कामांचा विचार करतात; हौस नावाचे सदर त्यांत नाही. जाहीर आतषबाजीची परवानगी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडून, म्हणजे आपल्याकडे ओरोसहून, नेमक्या जागेसाठी व नेमक्या दिवसासाठी घ्यावी लागते, आणि गेल्या वर्षीचा कागद या वर्षी चालत नाही. हा घोटाळा काही अंशी परदेशी नातलगांमुळेही होत असावा. अमेरिकेत खाजगी व्यक्तीला केंद्र सरकारकडून स्फोटके वापरण्याची अनुज्ञा खरोखरच मिळू शकते, ती सर्वसाधारणपणे तीन वर्षांची असते आणि तेथे हौशी मंडळींचे संघही आहेत. पण ते चित्र पाहून हरखणाऱ्याला हे ठाऊक नसते, की तेथल्या त्या हौशी माणसाला आपल्या कोठारातल्या मालाच्या आवकजावकीची रोजच्या रोज नोंद करावी लागते, ते दफ्तर पाच वर्षे जपावे लागते, आणि माल चोरीस गेल्याचे कळताच चोवीस तासांच्या आत वर्दी द्यावी लागते.

दुसरा समज अधिकाराविषयीचा. ग्रामपंचायतीचा ठराव झाला, ठाण्यात अर्जाची पोच मिळाली, बारापाचाच्या मानकऱ्यांनी मान डोलावली आणि देवीने कौल दिला, की काम झाले असे गावऱ्हाटीत वाढलेल्या माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. कौलाविषयी मला काही म्हणायचे नाही. पण उरलेले कागद फार तर अर्जासोबत जोडायचे आहेत, परवानगीच्या जागी ते उभे राहू शकत नाहीत. ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचेही तसेच. शेतीसंरक्षणासाठी आपल्या जिल्ह्यात पुष्कळ शेतकऱ्यांकडे असा परवाना असतो, आणि त्याच्या आधारे घरात थोडी दारू बाळगता येते म्हणून त्याच दारूचे नळे ठासून जत्रेत लावता येतील, असा हिशेब कोणी कोणी करतो. तो परवाना १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचा आहे. दारूकाम तयार करणे हे उत्पादन ठरते आणि त्याला स्फोटके कायद्याखालचा वेगळाच परवाना लागतो. विनापरवाना उत्पादनाला त्या अधिनियमाच्या कलम ९-ब प्रमाणे तीन वर्षांपर्यंत, आणि विनापरवाना बाळगण्याला किंवा वापरण्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रानडुकरांसाठी गावठी बॉम्ब वळणाऱ्यांची गोष्ट तर १९०८ च्या, याहून कितीतरी कठोर अशा स्फोटक पदार्थ अधिनियमात जाते, म्हणून ती येथे वाढवीत नाही.

मुंबईहून येणारे चाकरमानी ‘येताना थोडी दारू घेऊन येतो’ असे जे सहज सांगतात, त्यांनी कोकण रेल्वेचा डबा त्यासाठी वापरू नये. प्रवाशाने गाडीत फटाके नेणे हा १९८९ च्या रेल्वे अधिनियमाखाली गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगितलेली आहे.

आता वेळेचा प्रश्न, आणि तो आपल्या भागात अवघड आहे, कारण आपली जत्रा रात्रीची. पालखी निघायची मध्यरात्रीच्या सुमारास आणि नाटक संपायचे उजाडता. ध्वनिक्षेपक रात्री बारापर्यंत लावण्याची सूट वर्षातून पंधरापेक्षा जास्त नाहीत इतक्या दिवसांपुरती राज्य सरकार देऊ शकते, त्यावरून फटाक्यांनाही बारापर्यंत मोकळीक आहे असे सर्रास मानले जाते. तसे नाही. ती सूट ध्वनिक्षेपकासारख्या साधनांची आहे. आवाज करणारे फटाके रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आणि शांतता क्षेत्रात, म्हणजे इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्या सभोवती, वाजवू नयेत, असे ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत २०१० साली स्वतंत्रपणे घातले गेले आहे. ज्यांना आवाजच नाही अशा चंद्रज्योती किंवा नळे यांना हे विशिष्ट कलम लागत नाही, ही गोष्ट चतुर व्यवस्थापकाने ध्यानात ठेवावी. आतषबाजीच्या परवानगीची गरज मात्र त्यामुळे टळत नाही. बेरियमच्या क्षारांचे फटाके आणि लांबलचक माळा यांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बंदी घातली, आणि गंधक व क्लोरेट यांचे मिश्रण तर १९९२ पासूनच निषिद्ध आहे, मग ते बनवणारा कितीही जुना कारागीर असो.

परंपरेचा दाखला येथे नेहमी पुढे केला जातो, आणि परंपरा जुनी आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. देवरुखचे सुपुत्र आणि भांडारकर संस्थेचे साक्षेपी संशोधक प. कृ. गोडे यांनी हिंदुस्थानातील आतषबाजीचा १४०० ते १९०० पर्यंतचा इतिहास धुंडाळला. कोट्याच्या राजाच्या ‘दारूच्या लंके’चे वर्णन महादजी शिंद्यांच्या तोंडून ऐकून सवाई माधवरावांनी तसाच देखावा पर्वतीपाशी करविला, ही बखरीतली हकीकत त्यांच्याच निबंधात आढळते. परंतु पेशव्यांच्या हुकमाने झालेल्या देखाव्याचा आधार आजच्या देवस्थानाला मिळत नाही. केरळातील परवूरच्या पुट्टिंगल मंदिरातही परंपराच होती; तेथे चढाओढीच्या आतषबाजीला जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारलेली असताना ती झाली, आणि १० एप्रिल २०१६ च्या पहाटे साठ्याला आग लागून शंभरांहून अधिक माणसे मेली.

किनाऱ्यावरच्या मंडळींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिचा उल्लेख क्वचितच कोठे होतो. समुद्राच्या बाजूला तोंड करून दारू उडवली, की धोका टळला असे मानतात. परंतु लाल तारे सोडणारे बाण किंवा गोळे थोड्या थोड्या अंतराने एकेक करून उडवणे, ही समुद्रावरील टक्करी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत संकटाची खूण म्हणून लिहिलेली आहे, आणि संकट नसताना ती किंवा तिच्याशी गल्लत होईल अशी खूण करणे निषिद्ध आहे. दांडीच्या किनाऱ्यावरून एकेक लाल गोळा सोडला, तर बाहेर मासेमारीला गेलेल्या ट्रॉलरवरच्या तांडेलाने तो काय समजावा? नौकांवरच्या मुदत संपलेल्या लाल मशाली लग्नात पेटवणे हाही त्याच जातीचा खेळ आहे.

राहिली नोंदवही. माल घेतल्याची पावती जवळ असली म्हणजे झाले, हा समज सर्वांत हट्टी, कारण वही हा सरकारी सोपस्कार वाटतो. स्फोटकांच्या परवानाधारकाने जमा, वापर आणि शिल्लक यांचा हिशेब ठरलेल्या नमुन्यात ठेवावा आणि तपासणी अमलदाराने मागताच दाखवावा, असे नियम सांगतात. आणि त्यामागचा हेतू दुकानदाराच्या रोजकीर्दीपेक्षा फार निराळा नाही, फक्त येथे मेळ चुकला तर पैशाऐवजी दारू बेपत्ता असते. चाळीस गोळे आले, सदतीस फुटले, तर उरलेल्या तीन गोळ्यांचे काय झाले हे लिहिलेले नसेल, तर ते कोणाच्या तरी पडवीत आहेत किंवा सकाळी मुलांच्या हाती लागणार आहेत, असेच धरावे लागते. म्हणून कोणाकडून माल घेतला, त्याचा परवाना क्रमांक कोणता, किती नग, कोणत्या दिवशी कोणाच्या देखरेखीखाली उडाले, किती न फुटता राहिले आणि त्यांची वासलात कशी लावली, हे त्याच रात्री, आठवण ताजी असताना लिहिलेले बरे. दुसऱ्या दिवशी जुळवलेल्या आकड्यांचा गुळगुळीतपणा तपासणाऱ्याच्या चटकन नजरेत भरतो. जीवितहानी किंवा गंभीर इजा करणारा अपघात झालाच, तर त्याची वर्दी लगोलग नजीकच्या ठाण्यात आणि मुख्य स्फोटके नियंत्रकांकडे द्यावी लागते, आणि तेव्हा ही वहीच देवस्थानाची पहिली जबानी ठरते.

परवाना नाकारला गेला तर ओरोसच्या कचेरीची ती लहर होती अशी समजूत करून घेऊन गप्प बसणारेही पुष्कळ. अधिनियमाने नकाराची कारणे लेखी नोंदवण्याचे बंधन अधिकाऱ्यावर घातले आहे, सार्वजनिक हिताची अडचण नसेल तर त्यांचा गोषवारा अर्जदाराला मागता येतो, आणि त्या निर्णयावर अपिलाची तरतूदही त्यातच आहे. तेव्हा अर्ज जत्रेच्या आठवड्यात न करता पुरेसा आधी करावा, म्हणजे नकार आलाच तर अपिलाला अवधी उरतो.