सहा नळ्यांचा हिशेब

आमच्या मामंजींचा ट्रक १९८४ सालचा, म्हणजे वयाने माझ्याहून मोठा. टाटा १२१०, पुढे आखूड नाक असलेला. त्याच्यावर दोन नणंदांची लग्ने झाली, आमच्या ह्यांचे शिक्षण झाले आणि पोलादपूरच्या घरावर वरचा मजला चढला. ‘आता विकून टाकू’ असे कुणी म्हटले की मामंजी अर्ध्या जेवणावरून उठतात, हे मी लग्न होऊन आल्यापासून पाहते आहे.

२२ जुलै २०२१ ही तारीख आमच्या भागातली कुठलीच बाई विसरणार नाही. त्या दिवशी तळियेवर दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही डोंगर खचले आणि सावित्रीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. आमचा ट्रक आदल्या दिवशी माल उतरवून महाडलाच उभा होता. पाणी ओसरल्यावर पाहिले तर केबिनमध्ये स्टिअरिंगच्या वर चिखल! माणसे सुखरूप होती, म्हणून देवापुढे साखर ठेवली आणि मग गाडीकडे वळलो.

पहिली चूक तिथेच झाली. क्लीनर उत्साही पोरगा. त्याने इंजिनाचे ऑइल बदलले, दुसरी बॅटरी लावली आणि स्टार्टर मारला. दोन उचक्या आल्या नि इंजिन गप्प झाले. टाकीत शिरलेले पाणी थेट डिझेलच्या पंपात गेले होते.

मैत्रिणींनो, हा पंप म्हणजे काय ते मलाही तोवर ठाऊक नव्हते. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पडते, डिझेलच्या गाडीत ती नसते. तिथे हवा इतकी दाबतात की ती तापून लाल होते म्हणा, आणि तिच्यात डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. इस्त्रीच्या कपड्यांवर आपण पाणी शिंपडतो तसाच तो फवारा, पण जोर हवेच्या दाबाच्या शेदोनशे पट. आमच्या इंजिनाला सहा सिलिंडर, म्हणून पंपात सहा लहान पिचकाऱ्या. त्यांना मिस्त्री लोक ‘एलिमेंट’ म्हणतात. पिचकारीचा दट्ट्या आणि नळी यांच्यात फट किती, तर केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शाएवढीसुद्धा नाही. तिला वंगण डिझेलचेच. तिथे पाणी गेले की गंज चढायला आठवडाही लागत नाही. टाकीत पाणी शिरल्याचा संशय असेल तर कुणाला चावी फिरवू देऊ नका; आधी टाकी उतरवून धुवायची.

मग घरात तीन मते झाली. भाऊजींचे म्हणणे, आता नव्या पद्धतीचे इंजिनच बसवू. नव्या गाड्यांत एकाच नळीत हजार-दीड हजार पट दाबाने डिझेल भरून ठेवतात आणि एक छोटा संगणक प्रत्येक नोझल उघडतो. डिझेल वाचते, धूर कमी. २०२० च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांना जे कडक नियम लागू झाले, ते अशाच व्यवस्थेमुळे पाळता येतात. पण इंजिन बदलायचे तर आर.टी.ओ.ची परवानगी हवी आणि आर.सी. बुकात नोंद हवी. परस्पर बदल चालत नाही. शिवाय सगळी वायरिंग नवी, आणि आंबेनळी घाटात संगणक रुसला तर त्याला समजवणार कोण? मामंजी एवढेच म्हणाले, “ह्या पंपाला पान्ह्याची भाषा कळते.”

दुसरा मार्ग महाडच्याच एका ओळखीच्या माणसाने सुचवला. भंगारातल्या ट्रकचा तयार पंप, वर ताजा चंदेरी रंग, किंमत निम्मी. आमचे हे जवळजवळ पैसे देऊन बसले होते. मी सहज दोन्ही पंपांवरच्या पट्ट्या ताडून पाहिल्या, तर नंबर वेगळे! नुसता आकार जुळून भागत नाही. कुठल्या इंजिनाला किती डिझेल द्यायचे आणि कितव्या फेऱ्याला आवरायचे, ते पंपात बांधलेले असते. मंडईत रंगवलेले वाटाणे ओळखणाऱ्या बाईला चंदेरी रंगाचे काय कौतुक?

राहिला तिसरा मार्ग, आपलाच पंप नव्या एलिमेंटने भरून घ्यायचा. खर्च बावीस हजार. त्यातले पंधरा माझ्या भिशीचे, लेकीच्या पुढच्या शिक्षणासाठी राखलेले. दोन रात्री झोप लागली नाही, हे खरे सांगते.

महाडच्या पंपवाल्यांची यंत्रे पुरात गेलेली. म्हणून पंप गोणपाटात गुंडाळून मी आणि भाऊजी एस.टी.ने पनवेलला गेलो. ह्यांना कारखान्यात रजा नव्हती आणि माझी शाळा करोनामुळे बंदच होती. दुकानात कुणी माझ्याकडे बघेना, सगळे बोलणे भाऊजींशी. मी स्टूल ओढून टेस्ट बेंचपुढे बसले. पंप मोटारीवर फिरवतात आणि सहाही पिचकाऱ्यांचे डिझेल सहा काचेच्या नळ्यांत जमा होते. एरवी मला पंपातले काय कळणार? पण सहा मुलांना दूध वाटणारीला नळ्यांची पातळी कळते! पहिल्या फेरीत चौथी नळी खाली राहिली. “एवढं चालतं,” मिस्त्री म्हणाले. मी म्हटलं, “चालतं, की बरोबर असतं?” ते हसले, पुन्हा पान्हा घेतला आणि अर्ध्या तासाने सहाही नळ्या एका रेषेत आल्या. त्यांनी ते आकडे कागदावर लिहून दिले. जुने सहा एलिमेंटही मी मागून घेतले. नवे खरोखर घातले याची ती पावती, आणि कंपनीची खोकी सीलबंद होती तेही पाहिले होते.

आकड्यांपेक्षा मला भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. डिझेल कमी-जास्त करणारी पंपातली दांडी गंजून अडकली, तर पाय उचलला तरी इंजिन धावतच राहते. २०१८ च्या जुलैत आंबेनळीत बस दरीत कोसळली, तेव्हापासून आमच्या घरातली गाडी घाटात गेली की माझे लक्ष घड्याळाकडे असते. म्हणून ती दांडी बोटाने सहज सरकते ना, हे मी स्वतः पाहिल्याशिवाय उठले नाही.

दिवाळीच्या आधी ट्रक लागला. नळ्यांतली हवा काढायलाच तासभर गेला. मामंजी आता चालवत नाहीत. ते शेजारी बसले, मी मागच्या बाकावर. आंबेनळीच्या पहिल्या वळणांपर्यंत वर गेलो आणि दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. भाऊजींनी पाय उचलला तसे इंजिन लगेच खाली बसले. मामंजी खिडकीबाहेर बघत राहिले.

धूर मात्र नव्या गाड्यांपेक्षा जास्तच आहे आणि दर वर्षी फिटनेसच्या वेळी जिवाची घालमेल होते. भाऊजी अजून नव्या गाड्यांच्या किमती काढत असतात. त्यांचेही चुकत नाही. भिशीचे पैसे भरून निघायला चौदा महिने लागले. पावसाळ्यात दर शनिवारी फिल्टरखालचा स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढतात. ती बाटली रात्रभर माझ्या खिडकीत असते आणि तळाशी पाण्याचा थेंब दिसतो का, ते सकाळी चहाआधी मी पाहते.