पुरुषाच्या देहातील इस्ट्रोजेन

ज्यांच्या देहात टेस्टोस्टेरॉन पुरेसे तयार होत नाही, अशा पुरुषांस डॉक्टर त्याची इंजेक्शने देतात. त्यातील काही अंशाचे, विशेषतः मेदात, इस्ट्रोजेन बनते. मग छाती हुळहुळी झाली, की ‘हे बायकी द्रव्य समूळ घालवा’ असा धोशा सुरू होतो. आम्हांस हा उतावळेपणा वाटतो. १९९४ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी २८ वर्षांच्या एका पुरुषाची हकिगत प्रसिद्ध केली. इस्ट्रोजेन त्याच्या देहात होते. देह त्यास दादच देत नव्हता. उंची २०४ सेंटिमीटर, वाढ अद्याप चालूच, आणि हाडे मात्र विरळ! तेव्हा, वाचकहो, स्तनाच्या कर्करोगावरील अ‍ॅनास्ट्रोझोल परस्पर आणून गिळू नये. टेस्टोस्टेरॉनची मात्राच अधिक होते काय, हे डॉक्टरांकडून रक्त तपासून आधी पाहावे. स्थूल माणसाचा मेद उतरला, तरी हे रूपांतर कमी होते.