कलौंजीचे तेल आणि कॅन्सर : बाटलीतला गुण व माणसातला गुण



या पानावर आपण बेणे, खत, पाणी यांच्याच गोष्टी करतो. पण अलीकडे गटसभांत आणि शेतकी ऑफिसात खोडव्याच्या बरोबरीने एक वेगळीच विचारणा होते : “साहेब, कलौंजीच्या तेलानं कॅन्सर बरा होतो म्हणतात, खरं का?” मी डॉक्टर नव्हे, शेतकी पदविकावाला माणूस. पण औषध, मात्रा आणि चाचणी यांचा हिशेब आपल्या धंद्यातलाच आहे, आणि तो मांडला म्हणजे बरेचसे उलगडते.

आधी नावाचा घोळ निस्तरू. कलौंजी म्हणजे लोणच्यात आणि नानवर घालतात ते काळे, त्रिकोणी बी. मसाल्यातले शहाजिरे वेगळे, जंतावर देतात ते कडू काळेजिरे वेगळे, आणि चटणीचे कारळे तर निराळेच. कलौंजी जिऱ्याच्या कुळातली नाहीच, ती मोरवेलीच्या कुळातली. दिसायला मात्र ती हुबेहूब कांद्याच्या बियासारखी. आपल्याकडे घरोघरी कांदाबी असते म्हणून मुद्दाम सांगतो : पेरणीच्या बियाला बहुधा बुरशीनाशक चोळलेले असते. ते चुकूनही खाण्यात जाता कामा नये.

या बियात उडून जाणारे एक सुगंधी तेल असते. त्यातून १९६३ साली एल-दखाखनी या संशोधकांनी थायमोक्विनोन नावाचा पदार्थ वेगळा काढला. सगळी चर्चा चालते ती या पदार्थाची, आणि ती काही हवेतली नाही. २००४ साली बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवले की, काचपात्रात वाढवलेल्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी या पदार्थाने मरतात. मरतात म्हणजे जळत नाहीत; पेशीच्या आत पी-५३ नावाचा एक पहारेकरी असतो, तो जागा होतो आणि बिघडलेली पेशी स्वतःच स्वतःला संपवते. पुढे इतर प्रकारच्या कॅन्सरच्या पेशींवर आणि उंदरांवरही असे पुष्कळ प्रयोग झाले. म्हणजे गुण आहे. प्रश्न आहे तो कुठे आहे, याचा.

हुमणीचे उदाहरण घ्या. बाटलीत हुमणीची अळी ठेवून वर औषध टाकले तर ती मरतेच. तेच औषध उसाच्या सरीत ओतले तर? निम्मे माती धरून ठेवते, काही उन्हाने जाते, आणि अळी खाली मुळाशी बसलेली. औषध तिथवर पोचले पाहिजे, मारण्याइतके पोचले पाहिजे, आणि ऊस जळता कामा नये. माणसाच्या शरीरात हीच अडचण. थायमोक्विनोन पाण्यात नीट विरघळत नाही, उजेडाने बिघडते. काचपात्रात पेशी औषधातच बुडालेल्या असतात, पोटात घेतलेल्या तेलाला मात्र गाठीपर्यंतचा सगळा प्रवास करावा लागतो.

मग माणसांवर पाहिले का? पाहिले. २००९ साली सौदी अरेबियातील डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या २१ रुग्णांना थायमोक्विनोन तोंडाने दिले, आणि मात्रा दिवसाला २६०० मिलिग्रॅमपर्यंत नेली. त्रास झाला नाही, पण कॅन्सरवर परिणामही दिसला नाही. पहिल्या टप्प्याची, थोड्या रुग्णांवरची चाचणी होती आणि रोगही पुढे गेलेला होता, हे खरे. तेवढ्यावरून दार कायमचे बंद झाले असे म्हणता येणार नाही.

आता आपला हिशेब करू. १०० ग्रॅम बियात सुगंधी तेल साधारण १ ग्रॅम धरा. त्यात थायमोक्विनोन एक तृतीयांश धरले तरी चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम बियातून मिळाले १० मिलिग्रॅम. २६०० मिलिग्रॅमसाठी रोज २६० चमचे, म्हणजे पाऊण किलोच्या वर बी खावे लागेल! आणि एवढी मात्रा देऊनही गाठ हलली नव्हती. सकाळी अनशापोटी घेतलेला एक चमचा काय करणार?

झाडपाल्यात दम नसतो असे मी मुळीच म्हणत नाही. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून निघालेल्या व्हिन्क्रिस्टीनला त्याच १९६३ साली अमेरिकेत औषध म्हणून मान्यता मिळाली, आणि ते आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर वापरतात. सह्याद्रीतल्या नरक्यात सापडणारा कॅम्टोथेसिन हा पदार्थ १९६६ साली एका चिनी झाडातून प्रथम वेगळा केला गेला. तो जसाच्या तसा रुग्णांना झेपेना. त्यात फेरफार करून बनवलेली औषधे १९९६ साली अमेरिकेच्या बाजारात आली, म्हणजे तीस वर्षे गेली. आपल्याकडे उसाची नवी जात सोडायची तर दहा-बारा वर्षे जातात आणि तोवर कोणी सगळे रान त्याखाली घालत नाही. पण सदाफुलीचा पाला चावून कॅन्सर जात नाही, उलट विषबाधा होते, हेही सांगून ठेवतो.

खरा धोका तेलापेक्षा वाया जाणाऱ्या महिन्यांचा आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ साली, कॅन्सर अंगात पसरलेला नसतानाही नेहमीचे उपचार नाकारून केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ रुग्णांची माहिती तपासली. पाच वर्षांनी त्यांच्यातले शंभरी ५५ जगले होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांतले ७८. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर मृत्यूचा धोका पाचपटींहून जास्त निघाला. आणि या बाया-माणसांचा रोग बरा होण्याच्या अवस्थेतला होता, हे ध्यानात घ्या.

तेव्हा लोणच्यात, भाकरीवर कलौंजी खुशाल खा. परंतु केमोथेरपी चालू असेल, रक्त पातळ करण्याची किंवा साखरेची गोळी चालू असेल, तर तेल वा कॅप्सूल घेण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्ट विचारा. कलौंजीने साखर उतरू शकते आणि दुसऱ्या औषधांचा अंमल कमी-जास्त होऊ शकतो. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका.

आपल्या भागात तंबाखू-चुना आणि मिश्रीचे प्रमाण किती, हे तोडणीच्या फडात वेगळे सांगायला नको. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पुरते न उघडणे, स्तनात गाठ, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाणे, यांतले काहीही दिसले तर हंगाम संपण्याची वाट न पाहता दवाखान्यात दाखवावे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. जाताना रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर न्यावे आणि योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात त्यांना प्रथम भेटावे.

– ऊस विकास अधिकारी