विश्लेषण : वर्षभराचा वाचनसंकल्प मध्येच का रखडतो? मागे पडलेला आकडा कसा गाठायचा?

'यंदा ५२ पुस्तके वाचणार' असे अनेक जण जानेवारीत समाजमाध्यमांवर जाहीर करतात. पहिल्या महिन्यात चार-पाच पुस्तके होतातही. मग परीक्षा, मार्चअखेर, लग्नसराई सुरू होते आणि वर्षाच्या मध्यावर अ‍ॅप सांगते की, तुम्ही काही पुस्तके मागे आहात. अनेकांचे वाचन तिथेच थांबते. हे का होते आणि उरलेल्या महिन्यांत काय करता येते, याविषयी...

वाचनाचे 'चॅलेंज' आले कुठून?

'गुडरीड्स' हे वाचकांचे संकेतस्थळ २००७ मध्ये सुरू झाले. वर्षात किती पुस्तके वाचणार हा आकडा आधी जाहीर करायचा आणि वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवत जायचे, हे तिथले 'रीडिंग चॅलेंज' २०११ पासूनचे. २०१३ मध्ये अ‍ॅमेझॉनने हे संकेतस्थळ विकत घेतले. यात स्पर्धा नाही, बक्षीस नाही. लक्ष्य वाचकाने स्वतःच ठरवायचे असते आणि वर्षाच्या मध्यात ते बदलताही येते. ही सोय अनेकांच्या लक्षात येत नाही.

आकडा ठरवताना चूक कुठे होते?

पुस्तकांची संख्या ठरते, वेळ ठरत नाही. साधारण २५० पानांचे पुस्तक आणि एका पानाला दोन मिनिटे असे धरले, तर एका पुस्तकाला सुमारे सव्वाआठ तास लागतात. वर्षाला २४ पुस्तके म्हणजे २०० तास, म्हणजेच रोज ३३ मिनिटे. ५२ पुस्तकांसाठी मात्र रोज ७१ मिनिटे हवीत, तीही एकही दिवस न चुकवता. नोकरी, प्रवास आणि घरकाम सांभाळून हे किती जणांना जमेल? त्यामुळे आधी स्वतःचे रोजचे मिनिट मोजावेत आणि मग पुस्तकांचा आकडा ठरवावा.

एक दिवस चुकला तर सवय मोडते का?

नाही. लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. हा काळ व्यक्तीगणिक १८ ते २५४ दिवस इतका वेगळा होता. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेवर फारसा परिणाम झाला नाही, हेही दिसून आले. '२१ दिवसांत सवय' या लोकप्रिय समजाला यात आधार मिळत नाही. ठरावीक वेळ किंवा ठरावीक कृती यांच्याशी वाचन जोडले, तर ते टिकण्याची शक्यता वाढते. लोकलमध्ये जागा मिळाल्यावर किंवा रात्री जेवणानंतर, असे काहीही चालेल.

आकड्याचा तोटा काय?

मोजमापच लक्ष्य झाले की ते चांगले मोजमाप राहत नाही. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने ओळखला जाणारा हा नियम वाचनालाही लागू पडतो. पुस्तकांची संख्याच महत्त्वाची ठरली की वाचक पातळ पुस्तके निवडू लागतो. 'मृत्युंजय'सारखी जाडजूड कादंबरी आणि ८० पानांचा कवितासंग्रह, दोन्हींची नोंद 'एक'च होते. शिवाय कविता सावकाश, पुन्हा पुन्हा वाचायची असते, तीही घाईत उरकली जाते. आवडत नसलेले पुस्तक केवळ मोजणीसाठी रेटले जाते. यावर उपाय म्हणजे पाने किंवा तास मोजणे. 'स्टोरीग्राफ' या अ‍ॅपमध्ये तशी सोय आहे. साधी वहीही पुरते.

मराठी वाचकांची अडचण कोणती?

अ‍ॅपवर अनेक मराठी पुस्तके सापडत नाहीत. सापडली तरी एकच पुस्तक कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत असते. जुन्या आवृत्त्यांवर आयएसबीएन क्रमांक नसतो. अशा वेळी नोंद हाताने करावी लागते. दुसरा प्रश्न दिवाळी अंकांचा. १९०९ च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेल्या या परंपरेत एकेका अंकात कथा, दीर्घ लेख, कधी अख्खी कादंबरिका असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अनेक घरांत तेच वाचले जाते. ते मोजायचे का? संकल्प तुमचा, त्यामुळे नियमही तुमचाच. श्राव्य पुस्तकांनाही हेच लागू.

मागे पडलेल्यांनी काय करावे?

समजा, लक्ष्य २४ चे होते आणि जूनअखेर १२ ऐवजी सातच पुस्तके झाली. उरलेली १७ गाठायला रोज सुमारे ४६ मिनिटे लागतील. लक्ष्य १८ वर आणले तर रोज ३० मिनिटे पुरतात. पहिला मार्ग झेपत नसेल तर दुसरा निवडण्यात कमीपणा नाही. ५० पाने वाचूनही रस वाटला नाही, तर पुस्तक बाजूला ठेवावे. एक जाड आणि एक हलके अशी दोन पुस्तके एका वेळी सुरू ठेवावीत. सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी भरली असेल तर परतीची तारीख आपोआप आठवण करून देते आणि खर्चही आटोक्यात राहतो. वर्षअखेरीस आकडा दोन-चारने हुकला, तरी रोजची ३० मिनिटे टिकली असतील, तर पुढच्या जानेवारीत शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.