तांडेलाच्या केबिनमधली यंत्रे

रायगड किनाऱ्यावरच्या यांत्रिक मासेमारी नौकेच्या केबिनमध्ये आज तीन-चार इलेक्ट्रॉनिक यंत्रे सहज दिसतात: जागा दाखवणारा जीपीएसचा पडदा, पाण्याखालचे दाखवणारा फिशफाइंडर, व्हीएचएफ वायरलेस आणि काही नौकांवर उपग्रहाशी जोडलेला ट्रान्सपाँडर. खलाशांच्या खिशातले मोबाइल वेगळेच. काही यंत्रे नाखव्यांनी, म्हणजे नौकामालकांनी, पदरचे पैसे मोडून घेतली, काही सरकारने दिली. त्यांतली कोणती रुजली आणि कोणती नुसती फळीवर राहिली हे पाहू लागले, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. जे यंत्र डिझेल किंवा जाळे वाचवते, त्याची शिफारस कुणाला करावी लागत नाही. जे दुसऱ्याला नौकेवर नजर ठेवू देते, त्याला केबिनमध्ये जागा मिळते ती नाइलाजाने.

जीपीएस येण्याआधी समुद्रातली जागा डोंगरांवरून धरत. समोर अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचा बुरूज मागच्या डोंगराच्या ठरावीक टोकाशी एका रेषेत आणायचा, उत्तरेला खांदेरीचे दीपगृह अशाच दुसऱ्या खुणेशी जुळवायचे, आणि दोन्ही रेषा जिथे मिळतील ती आपली जागा. पाण्याची खोली वजन बांधलेल्या दोरीने वावात मोजायची. ही विद्या बापाकडून मुलाकडे येई आणि दिवसाउजेडी ती फारशी चुकत नसे. अडचण रात्रीची, धुक्याची आणि किनारा दिसेनासा होईल इतके आत गेल्यावरची.

अमेरिकेच्या लष्कराने उभारलेल्या जीपीएसचे संकेत नागरिकांना आधीपासून मिळत होते; पण त्यांत मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडे-तिकडे दाखवली जाई. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने ही मिसळलेली चूक काढून टाकली आणि अंतर वीस मीटरच्या आत आले. डोलीने मासेमारी करणाऱ्यांसाठी हा फरक फार मोठा होता. डोल म्हणजे निमुळत्या पिशवीच्या आकाराचे जाळे. भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड करून ते समुद्रात बांधून ठेवतात आणि प्रवाह मंदावला की ओढतात. जाळे आणि नौका यांची अशी ताटातूट होत असल्याने परत तिथेच येणे हा धंद्याचा कणा. पाण्यावर तरंगणारा बोया शंभर मीटरवरून अंधारात दिसत नाही, वीस मीटरवरून बॅटरीच्या उजेडात दिसतो. शोधाशोधीत जाळले जाणारे डिझेल त्यामुळे वाचले.

यंत्रापेक्षाही मोलाच्या ठरतात त्यात साठवलेल्या खुणा. जाळे फाडणारा खडक कुठे आहे, बुडालेल्या बार्जचा सांगाडा कुठे आहे, थंडीत मासळी कुठे लागते, हे सगळे आकड्यांच्या रूपात तांडेलाजवळ, म्हणजे नौका चालवणाऱ्या प्रमुखाजवळ, जमत जाते. डोंगरांच्या खुणा शिकायला वर्षे लागत. हे आकडे एका मिनिटात दुसऱ्या यंत्रात उतरवता येतात. म्हणून तर ते कुणी सहजासहजी दाखवत नाही.

एवढे असूनही होकायंत्र नौकेवरून उतरवू नये, आणि याचे कारण अलिबागमध्येच सापडते. मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या तेव्हा त्यांच्या प्रवाहाने तिथल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी बिघडणार होत्या. म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवले गेले. मोजमापाच्या खोल्यांत चुंबकाला खेचणारे लोखंड येऊ दिले नाही. कुलाब्याच्या १८४१ पासूनच्या नोंदींची मालिका अलिबागने पुढे चालवली, आणि आज ती पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखाली चालू आहे. सूर्यावरच्या उद्रेकांमुळे होणारी चुंबकीय वादळे या नोंदींत उमटतात. अशा वादळात होकायंत्राची सुई इतकी थोडी हलते की नौकेवर ते जाणवतही नाही. जीपीएसचे संकेत मात्र वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातून येताना ढळतात. मे २०२४ मधल्या मोठ्या वादळात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचे जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर ऐन पेरणीत खोळंबले होते.

फिशफाइंडरची गोष्ट जपानमध्ये सुरू होते. नागासाकी भागातल्या फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये मासळी शोधणारे पहिले व्यवहारात चालणारे यंत्र तयार केले. तत्त्व साधे आहे. नौकेच्या तळाला बसवलेला भाग खाली ध्वनी सोडतो आणि परतलेला प्रतिध्वनी ऐकतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, म्हणजे ३० मीटर खोल पाण्यात त्याची तळापर्यंतची जा-ये सेकंदाच्या पंचविसाव्या भागात होते. कडक तळ पडद्यावर ठसठशीत उमटतो, चिखलाचा तळ मवाळ. नवशिका माणूस या पडद्याकडे पाण्याचे चित्र म्हणून पाहतो आणि तिथेच फसतो. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ता नौकेखाली असलेले पाणी. डावीकडे सरकत गेलेले सगळे मागे पडलेले असते. डावीकडे दिसणारा घोळका पकडायला नौका पुढे हाकली, तर तो आणखी दूर जातो.

दुसरी मेख माशातच आहे. प्रतिध्वनी मुख्यतः माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे जोरात उठतो. घोळ या माशाची ही पिशवी मोठी असते. तिलाच कोळी बोत म्हणतात आणि निर्यातीत तिला माशाहून जास्त भाव येतो. बोंबलाला अशी पिशवीच नसते, त्यामुळे तो पडद्यावर नीट उठत नाही. इथला डोलकर मुख्यतः बोंबील आणि जवळ्यावर जगतो आणि त्याचे जाळे एका जागी बांधलेले असते. तेव्हा हजारो रुपयांचे हे यंत्र त्याला फारसे कामाचे नाही. जाळे ओढत फिरणाऱ्या ट्रॉलरवाल्यांना आणि घोळक्याभोवती जाळे टाकणाऱ्या पर्ससीनवाल्यांना मात्र ते हवेच. कुणाकडे यंत्र नाही म्हणून तो मागासलेला, असे म्हणण्याआधी त्याचे जाळे पाहावे.

मासळी शोधण्याचे आणखी एक साधन नौकेवर नसून हैदराबादेत आहे. १९९९ मध्ये स्थापन झालेली ‘इन्कॉइस’ ही केंद्र सरकारची संस्था उपग्रहांनी टिपलेले समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य यांवरून मासळी मिळण्याची शक्यता असलेले पट्टे काढते. हरितद्रव्य म्हणजे सूक्ष्म वनस्पती, त्यांच्यामागे बारीक जीव आणि त्यांच्यामागे मासळी. सल्ल्याची एकेक ओळ एकेका बंदरासाठी असते: इथून कुठल्या दिशेला, किती अंशांवर, किती किलोमीटरवर, किती खोल पाण्यात, अक्षांश-रेखांशांसह. मराठीतही तो मिळतो. ढग असले की उपग्रहाला दिसत नाही आणि १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात सल्ल्याची गरजच नसते. एकाच ओळीवर दहा नौका पोहोचल्या तर वाट्याला काय येणार, हा प्रश्नही रास्त आहे. तरी वरवरच्या पाण्यात फिरणाऱ्या मासळीमागे जाणाऱ्यांना निष्कारण भटकंतीपेक्षा तो बरा.

मोबाइलला यंत्र म्हणावे की नाही असा प्रश्न पडावा इतका तो अंगवळणी पडला आहे. किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत रेंज मिळते आणि खरा उपयोग त्या शेवटच्या टप्प्यातच होतो. परतताना रेंज आली की ससून डॉकला आज भाव काय, भाऊच्या धक्क्यावर किती नौका लागल्यात, याची चौकशी होते आणि मासळी कुठे उतरवायची ते ठरते. या व्यवहाराचे मोल अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी उत्तर केरळात मोजले आहे. १९९७ ते २००१ या काळात तिथे मोबाइल पोहोचला तसा बंदराबंदरांतल्या तारलीच्या भावातला फरक कमी झाला, गिऱ्हाईक नाही म्हणून फेकून द्यावी लागणारी मासळी जवळजवळ संपली, मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्यांना मासळी चार टक्क्यांनी स्वस्त पडली. कुठलेही अनुदान नसताना हे झाले.

इंटरनेट कंपन्यांचा शिरकाव त्यानंतरचा. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने स्वस्त डेटा आणला आणि मासळीचे फोटो व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकाकडे नौका धक्क्याला लागण्याआधीच पोहोचू लागले. मात्र हे सगळे मनोऱ्यांवर अवलंबून. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला श्रीवर्धन-दिवेआगरकडे धडकले. विजेचे खांब आणि मोबाइलचे मनोरे कोसळले, आणि कित्येक गावांना शेजारच्या गावाची खबर कळायला माणूस पाठवावा लागला.

रेंजच्या पलीकडे उपयोगी पडते ते जुने व्हीएचएफ. संकटाच्या हाकेसाठी जगभर चॅनेल १६ राखून ठेवलेले आहे. अँटेना जितकी उंच तितका पल्ला लांब. लहान नौकेची अँटेना बुटकी, त्यामुळे एका नौकेचा आवाज दुसरीला थोड्या मैलांपर्यंतच पोहोचतो. ही उणीव भरून काढण्यासाठी इस्रोने उपग्रहाचा ट्रान्सपाँडर तयार केला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरच्या कार्यक्रमात त्याच्या देशव्यापी योजनेची सुरुवात झाली; १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या १ लाख नौकांवर तो विनामूल्य बसवायचा आहे. तो मोबाइलला ब्लूटूथने जोडला की रेंज नसतानाही दोन्ही बाजूंनी संदेश जातात, वादळाचा इशारा मिळतो आणि बटण दाबून मदत मागता येते.

खरे तर तांडेलाला यापेक्षा चांगले काय हवे? तरीही कुरकुर होते, कारण हेच यंत्र नौका कुठे आहे ते किनाऱ्यावर कळवते. यामागचा सरकारचा विचार चुकीचा नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटके श्रीवर्धनजवळ शेखाडीला उतरली होती. २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे ‘कुबेर’ ही मासेमारी नौका पळवून आले. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ वाहत आलेल्या बेवारस नौकेत एके-४७ रायफली सापडल्या. ती ओमानजवळ समुद्रात सोडून दिलेली नौका निघाली. जुलै २०२५ मध्ये कोर्लईजवळ रडारवर संशयास्पद नौका दिसली आणि सगळी यंत्रणा धावली. तपासात ती नौका नव्हतीच. पाकिस्तानी मच्छीमारांच्या जाळ्यावरून सुटून वाहत आलेला, ट्रॅकर बसवलेला बोया होता, असे पोलिसांनी सांगितले. पण आपल्या मासळीच्या जागा दुसऱ्याला कळाव्यात असे कुठल्या तांडेलाला वाटेल? त्यातून नौका हद्दीबाहेर किंवा बंदी असलेल्या भागात गेली असेल तर विचारायलाच नको. ही माहिती कोण पाहणार आणि कशासाठी वापरणार, हे मच्छीमार संस्थांना स्पष्ट सांगितले तर यंत्र बंद ठेवण्याचे एक कारण तरी उरणार नाही.

एका यंत्राच्या बाबतीत मात्र लहान मच्छीमार आणि सरकार एका बाजूला आहेत. रात्री जनरेटरवर एलईडीचे झगझगीत दिवे पेटवून मासळी गोळा करायची आणि पर्ससीनने एकदम उचलायची, ही पद्धत केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये देशाच्या सागरी आर्थिक क्षेत्रात बंद केली. मोठ्या मासळीबरोबर पिल्लेही जात असल्याने पुढच्या हंगामाचे बीजच उचलले जाते. बंदी मोडली जाते, ही पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार. जानेवारी २०२५ पासून राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाने ड्रोनची गस्त सुरू केली. रायगडात त्यासाठी रेवदंडा आणि श्रीवर्धन ही ठिकाणे निवडली आहेत. पाहिलेली नौका पुढे पकडली जाते की नाही, यावरच ड्रोनची किंमत ठरेल.

शेवटी या सगळ्या यंत्रांचा शत्रू: खारी हवा आणि खारे पाणी. उपकरणाच्या खोक्यावर ‘आयपीएक्स७’ लिहिलेले असते, म्हणजे ते एक मीटर पाण्यात अर्धा तास तगते. ही चाचणी गोड्या पाण्यातली असते. खाऱ्या पाण्याचा एक थेंब मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकात राहिला आणि तसाच चार्जर लावला, की वीज आणि मीठ मिळून आतल्या पिना खाऊन टाकतात. म्हणून उपकरण आधी गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसावे, पूर्ण सुकू द्यावे आणि मगच वीज जोडावी. नौकेवर पडद्यापेक्षा आधी जोडण्या आणि बॅटरीची टोके जातात. हिरवट पूड जमली की यंत्र बिघडले असे समजून नवे घेतले जाते; खरे तर टोके घासून ग्रीस लावणे पुरेसे असते.

समुद्रात संकट आल्यास तटरक्षक दलाचा विनाशुल्क क्रमांक १५५४ आहे. तो मोबाइलला रेंज असेपर्यंतच लागतो. त्यापुढे व्हीएचएफचे चॅनेल १६ चालू ठेवावे.